पायरीवरचा बाहुला

नवरात्राच्या पहिल्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटलं होतं, पण पाऊस काही पडत नव्हता. आमच्याकडे दसऱ्याला घरात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात; बायको गेल्यापासून मीच मांडतो, तशा मांडल्या होत्या. नातीसाठी मी एक पुस्तक आणलं होतं. मला वाचता येत नाही, पण आत उडणाऱ्या वीराचा बाहुला बसवलेला होता. तो सुटा कुठंच मिळत नाही म्हणे. तो काढून मी पायरीवर राजा-राणीच्या बाहुल्यांशेजारी उभा केला.

अष्टमीला नात बेंगळूरहून आली, संध्याकाळी लगेच परत जायची होती.

"अज्जा, माझा बाहुला दे की!"

"मांडलेली बाहुली दशमीपर्यंत हलवायची नाही, पुट्टी. तुझ्या आजीची रीत आहे. मग पाठवतो."

"पण तो माझ्या पुस्तकातला आहे!"

मी काही ऐकलं नाही. ती पुस्तक घेऊन गेली. त्यात बाहुल्याच्या आकाराचा खळगा तेवढा राहिला होता.

एकादशीला बाहुला पाठवतो म्हणून फोन केला तर लेक म्हणाली, "ती आता नको म्हणते, बाबा. पुस्तकही देऊन टाकलं कुणाला तरी."

बाहुल्या आवरायला शेजारच्या गौरम्मा आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. बाहुला कागदात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "अय्यो काका, काकी तर माझ्या मुलीला दर वर्षी एक बाहुली हळूच उचलून द्यायच्या. त्या जागी दुसरी ठेवायच्या, तुम्हाला दिसू नये म्हणून."