काडतुसाच्या प्रेसवरचा उलटा आकडा

नाव: मंगल परशराम ढवळे. वय: चोपन्न वर्षे. धंदा: रायफल क्लबात नोकरी, रिकामी काडतुसे पुसणे व निवडणे. राहणार: पिरनवाडी, तालुका व जिल्हा बेळगाव.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, कोणी पढवून पाठवलेले नसताना, सांगते ते असे की, मला कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. म्हणून माझे म्हणणे मराठीत लिहून घ्यावे अशी मी विनंती केली व साहेबांनी ती मानली.

आमच्या क्लबात सरावात उडवलेली छऱ्यांची काडतुसे पुन्हा भरतात. त्याचा परवाना क्लबाकडे आहे. हे काम भरमा नागोजी पाटील, मूळचे नंदगडचे, फौजेतून निवृत्त, एकटेच करतात. काडतूस दाबून भरायच्या प्रेसचा दांडा खाली टेकवला की एक काडतूस तयार होते. भरमाअण्णा ते तोंडाने मोजत, त्यामुळे कामात असताना कोणाच्या हाकेला ओ देत नसत. नवीन मेंबरांना ते शिष्ट वाटत. ते शिष्ट नाहीत. मध्ये कोणी बोलले की आकडा चुकतो, आणि या कामात आकडा चुकणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

करिष्मा कामकर, राहणार वडगाव, ही माझ्या भावाची मुलगी. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. माझ्या माहेरी साड्यांचे यंत्रमाग आहेत. मागावर धागे मोजायचे मीटर असते, ते तीच बसवते. तिला क्लबात मी आणले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन. तिने मागाचे एक मीटर घेऊन, चुंबक आणि सेन्सर लावून प्रेसच्या दांड्याला जोडले. तांबडे आकडे दारातूनसुद्धा दिसतात. स्वतः दांडा ओढून तिने ते तपासले आणि ते बरोबर निघाले. त्या दिवसापासून भरमाअण्णा काम करता करता बोलू लागले. इतकी वर्षे एका खोलीत काम करून त्यांच्या नातीचे नाव मला तेव्हा कळले.

यापुढे मीटर दाखवेल तोच आकडा खरा धरायचा, असे क्लबाच्या सेक्रेटरींनी ठरवले. या महिन्याच्या तपासणीत पेट्यांमध्ये मीटरपेक्षा एकोणतीस काडतुसे जास्त निघाली. कमी निघाली असती तर चोरली म्हणाले असते, जास्त निघाली म्हणून चोरून भरली म्हणाले. डुकराच्या शिकारीवाल्यांना विकत असतील, असेही एक मेंबर बोलले. काडतुसाच्या बुडाला एकेक बसवतात त्या कपाटातून दिलेल्या कॅप आणि पेट्यांतली काडतुसे यांचा मेळ बसत होता, मागे होते ते फक्त मीटर. तरी भरमाअण्णांना ठाण्यात आणून बाकावर बसवले. त्याबद्दल मी जे बोलले ते साहेबांनी लिहून घेतले नाही.

आज सकाळी साहेब भरमाअण्णांना घेऊन क्लबात आले. करिष्मालाही बोलावले होते. मीटर बरोबर ठरले तर भरमाअण्णा आत जाणार आणि चूक ठरले तर मीटर मुद्दाम तसे बनवले म्हणून हिच्यावर येणार, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होते. तिलाही कळत होते. ती एवढेच म्हणाली, "आण्णा, रोज करताय तसंच करा. माझ्याकडं बघू नकासा."

भरमाअण्णांनी दांडा ओढायला सुरुवात केली. काही काडतुसे झाल्यावर त्यांचा हात मध्येच थांबला. दांडा अर्ध्यातून वर नेला, वाकून आत पाहिले, मग पुन्हा खाली टेकवला. काडतूस पेटीत पडले. दांडा वर गेला तेव्हा मीटरवरचा आकडा एकाने उतरला आणि टेकवल्यावर होता तिथेच परत आला, म्हणजे ते काडतूस मोजलेच गेले नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मी पाहिले आणि सेक्रेटरींनीही पाहिले.

करिष्मा लगेच म्हणाली, "साहेब, चूक माझी हाय. मी मागाचंच डोकं हितं लावलं."

मागावर धागा तुटला की विणकर माग हाताने उलटा फिरवतो आणि विणलेले तेवढे सोडवतो. सोडवलेल्याची मजुरी मागायची नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून उलट फिरवले की मीटर एक कमी करते. प्रेसवर मात्र अर्ध्यातून माघारी गेलेल्या दांड्याने काहीच सुटत नाही, तो नुसता बघायला थांबलेला असतो. करिष्माचा हात तपासताना मध्ये कुठे थांबला नव्हता, म्हणून तिला तेव्हा कळले नाही. ती गप्प राहिली असती तर मीटर बिघडले एवढ्यावरच सुटली असती. तिने गप्प राहायचा विचारसुद्धा केला नाही. माझ्या भावाने मुलगी चांगली वाढवली, हे मला लिहून हवे आहे.

साहेबांनी भरमाअण्णांना विचारले, मध्ये थांबता कशाला? ते म्हणाले, "दारू कमीजास्त पडली असं वाटलं की बघतो, साहेब. बंदूक दुसऱ्याच्या गालाला लागणार. त्यो माझ्या भरवशावर घोडा वडतोय."

किती वेळा थांबता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "त्ये कधी मोजलं न्हाय." सेक्रेटरींनी भरमाअण्णांना खुर्ची दिली.

माझे म्हणणे साहेबांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवले. त्यात "मीटर नादुरुस्त असल्याने एकोणतीसचा फरक पडला" असे आले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी, "भरमा पाटलांनी एकोणतीस वेळा थांबून आत बघितले, तेवढाच फरक पडला" असे लिहून घेतले आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.