दंडारीतली बाई

बकाराम : अन् तुह्या मास्तरनं हे नाही सांगतलं का, का दंडारीचा खेळ कागदावर उभा राहत नाही मनून?

चैतराम : मास्तर तं खूष हाय, भाऊ. गोंदियाचा मानूस, मने, बहुत बढिया. मी लिवलेली दंडार वर्गातल्या सबन मोठ्या मानसायपुढं माझ्याकडून वाचून घेतली. मने, चैतराम, औंदा चिचगडच्या मंडईच्या जत्रेत तुमच्या गावानं हाच खेळ कराचा.

बकाराम : मंग करा ना. सकाळी सकाळी माझ्या अंगनात कायले येऊन बसला?

चैतराम : पोट्टे बोल घेऊन नाही राहिले. काल हिरालाल अन् नंदलालले बसवून वाचून दाखवली. त्यायले अक्षर येत नाही. अन् मी वाचतो तं एक शब्द आज, एक शब्द उद्या. नंदलाल तं बसल्या बसल्या घोरला.

बकाराम : माझ्या दंडारीत आजपर्यंत कोनी घोरलं काय?

चैतराम : नाही. मनूनच आलो. तू तोंडानं बसवून देशीन तं होईल. मंडई तं तोंडावर आली.

बकाराम : वा रे वा. वीस वर्सं या गावाची दंडार मी करून राहिलो. राजा मी उभा केला, परधान मी उभा केला, बाईचं सोंग मीच घेतलं. तू काय करत होता तवा?

चैतराम : मशाल धरत होतो.

बकाराम : तेच मनतो. नागपूरच्या सरकारनं म्हाताऱ्या-कोताऱ्यायसाठी साळा काढली, मशाल धरनाऱ्यानं पावसाळाभर पाटी घासली, अन् आता त्याचे बोल मी पोट्ट्यायच्या तोंडात घालू.

चैतराम : वर्गात तू बी आला होता, भाऊ. तूच उठून गेला.

बकाराम : उठून नाही जाऊ तं काय करू? तू मोऱ्हं बसून गोष्टी जुळवून राहिला, मास्तर मान डोलवून राहिला, अन् मले अ काढाले बसवलं. ज्याच्या एका बोलावर सारी मंडई हासते, त्याले अ. अन् ती पाटी तरी कशी, खडबडीत. पेन्सिल चालेच नाही तिच्यावर.

रुख्मा : नाचता येईना अंगन वाकडं.

बकाराम : तू तांदूळ पाखड वं.

रुख्मा : पाखडूनच राहिली. भाऊजी, त्या दिवशी हे घरी आले तं जेवले नाही. तुमच्या नावानं बोटं मोडत बसले होते. दहाही.

बकाराम : मोडली. कबूल हाय. वाच गा आता. पाहू काय दिवे लावले.

चैतराम : मास्तरनं सांगतलं होतं, राजा-रानी नको, आपल्या डोळ्यानं पाह्यलं ते आना. मनून... आता आयक. एक बाई हाय. हातात रोपायची पेंडी घेऊन बांधीतल्या चिखलात धानाचा रोवना करून राहिली. नवरा खदानीत कमावाले गेला, त्याले दोन वर्सं झाले. चिठ्ठी नाही का निरोप नाही. अन् एक दिवस तो येऊन बांधावर उभा राह्यते. तो म-न... मनते, "वळखलं नाही काय?"

बकाराम : मंग?

चैतराम : बाई मान वर नाही करत. मनते, "वळखलं. हातातली पेंडी सरू द्या."

बकाराम : मंग?

चैतराम : मंग ती रोवत राह्यते. तो पाहत राह्यते. सरलं.

बकाराम : सरलं? गानं नाही, गंमत नाही, कोनी कोनाले मारलं नाही? अन् याच्यावर मास्तरनं मान डोलवली?

(रुख्माच्या हातातलं सूप थांबतं.)

बकाराम : आता तुले काय झालं वं? डोळ्यात कोंडा गेला काय?

रुख्मा : नाही.

बकाराम : मंग रडतेस कायले? माझी दंडार एवढे वर्सं पाह्यली, एकडाव डोळा वला केला नाही. अन् याच्या दोन बोलानं पानी आलं?

रुख्मा : तुमच्या दंडारीत राजा मरते. राजा माझा कोन लागते?

बकाराम : आं? ... थांब. थांब गा चैतराम. हे तं माझं हाय. मी खदानीतून आलो, त्या दिवसाचं. ही अशीच बोलली होती. तू कुठं होता तवा?

चैतराम : बाजूच्या बांधीत. आमचा बी रोवना होता.

बकाराम : अन् माझ्या बायकोचं बोलनं एवढे वर्सं मनात धरून बसला?

चैतराम : धरलं नाही, भाऊ. राहून गेलं.

बकाराम : राहून गेलं मने. माझ्या मनात नाही राह्यलं, अन् तुह्या मनात राहून गेलं. अंगाची लाही होऊन राहिली माझ्या. दिवस माझा, बायको माझी, अन् टाळ्या तुले. बरं, लिवली तं लिवली, अशी दगडाची बाई कायले लिवली? मले तवा बी राग आला होता. दोन वर्सांनी घरचा मानूस आला, अन् ही जागची उठली नाही.

चैतराम : उठता येत नव्हतं तिले.

बकाराम : तुले काय मालूम?

चैतराम : दुसऱ्या दिवशी तुमच्या बांधीवरून गेलो मी. तू आल्यावर वयनीनं जेवढे रोप लावले होते, ते सबन पान्यावर तरंगत होते. एक बी चिखलात बसला नव्हता. मंग मीच उतरून लावले.

बकाराम : काय वं? खरं?

रुख्मा : रोप चिखलात बसला का पान्यावर राहिला, तेच समजत नव्हतं. उठली असती तं तथीच पडली असती, साऱ्या बायायच्या पुढं.

बकाराम : मले कधी सांगतलं नाही.

रुख्मा : तुमी कधी इचारलं? आल्यापासून तं खदानीच्याच गोष्टी सांगून राहिले होते. मी आयकत होती.

बकाराम : मी बांधावरच उभा होतो ना गा. याच्याहून जवळ. मले नाही दिसलं अन् याले दिसलं. चैतराम, खोटं नाही बोलत. मास्तरनं तुले डोक्यावर घेतलं तवा जेवढा जळलो नव्हतो, तेवढा आता जळून राहिलो.

चैतराम : मंग राहू दे, भाऊ. तुही जुनीच करू. लोकायले तेच पाह्यजे. मी जातो.

बकाराम : बस. बाईचं सोंग कोन घेनार, ते ठरवलं का?

चैतराम : लिवताना तुहाच आवाज कानात होता. तू नाही घेतलं तं खेळच नाही.

बकाराम : मी? हिचं सोंग, हिच्याच पुढं? अन् माझं सोंग कोन घेते, नंदलाल? तो घोरनारा?

चैतराम : त्याले काय, नुसतं उभं राहाचं हाय.

बकाराम : मी बी तेवढंच केलं होतं. ... बरं. बसवून देतो. पर एक आयक. लोक मनतील, बकारामची दंडार औंदा लय रंगली. तवा तूच मोऱ्हं येऊन सांगजो, का मी लिवली मनून. माझ्या तोंडून ते निघनार नाही, आताच सांगून ठेवतो.

चैतराम : सांगीन.

बकाराम : अन् तू ते सूप ठेव वं. इकडं ये, बस. कसं बोलली होती त्या दिवशी, ते मले बोलून दाखव.

रुख्मा : मी कायले दाखवू? तुमालेच तं बोलली होती. आयकलं नाही का?

बकाराम : नाही आयकलं.