ब्रेकचा पाय

साखरेचा रिपोर्ट चांगला आला तर शाळेची बस आणखी वर्षभर ड्रायव्हरच्या हातात राहणार होती. एवढ्यासाठी त्यानं चार दिवस जवळजवळ उपाशी काढले होते. दवाखान्याच्या बाकावर तो बायकोशेजारी चुळबुळत होता, आणि पलीकडे नंबराची वाट बघणारा एक शिंपी कान टवकारून बसला होता.

“नीट बसा की. किती वेळा दारापर्यंत जाऊन येताय?”

“आज बघ, साखर कशी शहाण्यासारखी खाली येते.”

“चार दिवसांची येईल. बारा वर्षांची कुठं लपवाल? वर त्या सिगारेटी, आणि प्रेशरच्या गोळीला दांड्या.”

“डॉक्टर तू आहेस की आतला तो?”

“तो तीन महिन्यांची सरासरी काढतो म्हणे.”

“काढू दे. मला कुठं काय दुखतंय?”

“अहो, तुमची उजवी चप्पल कुठाय?”

“पायात.”

“खाली बघा जरा.”

“अगं, आत्ता तर होती!”

“ती काय, दारात पडलीय. तिथून इथवर अनवाणी आलात, नि पायाला पत्ताच नाही.”

“हळू बोल ना. ब्रेकचा पाय आहे तो.”

“म्हणूनच मोठ्यानं बोलतेय. मागं पोरं बसतात तुमच्या.”

“आत सांगू नकोस हं. बस जाईल माझी.”

नंबर पुकारला गेला. बायकोनं दारातली चप्पल उचलली आणि ती हातात घेऊनच त्याच्यामागून आत गेली. शिंप्यानं वाकून आधी आपल्या चपला पाहिल्या.

अर्ध्या तासानं दोघं बाहेर आली, तेव्हा ड्रायव्हरचा उपास वाया गेला होता आणि बसही हातातून गेली होती. मागच्या सीटवरच्या पोरांना मात्र त्या पायाची किंमत मोजावी लागली नाही.