भ्यालेल्या जिवाची साखर

न्हाई मॅडम, आज तपासायला कलेजी न्हाई मिळायची — तो बर्फाचा डबा गाडीतच राहू द्या. हे? धोतरावरचं? रगत है, दुसरं काय असंल — बिरू धनगराच्या धोतरावर अत्तर असतंय का? बोकडाचंच है की. कोणचा बोकड म्हणजे? तुम्ही पण ना, लई बारीक पाहता! बरं, बसा. न्हाई, त्या बाजंवर नका, ओली है ती. इकडं दगडावर बसा.

पहिल्यांदा आल्त्या तव्हा मला वाटलं, शुगरची डॉक्टरीण है, आता बोकडालाबी शुगर झाली का काय! मंग तुम्हीच समजून सांगितलं — जित्या अंगात साखर साठती, कलेजीत, मांसात, तिच्यावरच जीव चालतो. अन्‌ जीव भ्याला, धडपडला, की ती भसाभसा जळून जाती. पळवून कापलेल्या बोकडाचं मांस काळं पडल्तं, तुमच्या मशिनीत साखर निघालीच न्हाई, ध्यानात है ना? म्हणून तर म्हणल्या, बिरूभाऊ, भिऊ देऊ नका त्याला. अन्‌ आमची रीत उलटी — अंगावर पाणी शिंपडायचं, बोकड थरथरला की देवानं कौल दिला, मंग कोयता. तुम्ही पाणीच टाकू द्यायच्या न्हाई. माझा हात अडखळायचा बगा.

माझ्या शालूला पाह्यलं ना तुम्ही, दिवाळीला माहेरी आल्ती तव्हा? म्हणल्या, पोरगी वाळली, रक्त तपासून घ्या. काय तपासायचं मॅडम! जावई, सुग्रीव, पट्ट्यानं हाणायचा तिला. दारात त्या सुग्रीवची फटफटी वाजली की पोरगी भिताडाला चिकटायची. तिची साखर तिथंच जळून राह्यल्ती. काल पळून आली — कानातून रगत, हात लोंबकळलेला. आज सकाळी मागून तो आला, ढोसून. म्हणला, ऊन उतरलं की घेऊन जातो, न्हाई आली तर इथंच पेटवतो. अन्‌ याच बाजंवर घोरत पडला! सासऱ्याच्या बाजंवर, मेला!

मी पाणी टाकलं त्याच्यावर — उठवायला, आईशप्पथ, उठवायलाच. म्हणलं उठवावं, हात जोडावे. तर तो थरथरला. अंगभर थरथरला मॅडम — अन्‌ हाताला सवय. सवयच म्हणा... कोयता? हातात होताच की. न्हाई — पाण्याच्या आधीपासून होता. मानंवर बसला, पण पुरा न्हाई बसला, मंग परत हाणला, परत, हाड वाजलं तवर. ओरडला पण न्हाई. मेला. गोठ्यात है, घोंगड्याखाली. त्याच्या अंगात साखर तशीच असंल पहा — भ्यालाच न्हाई तो. त्याचंच वाईट वाटून राह्यलं मला.

अहो, उठता कशाला? तुम्हाला काय करतो मी? फोन ठेवा, मी सोताच जाणार है अंबडच्या ठाण्यात. फक्त शालूला गाडीत घ्या — नवीन जालन्यात माझी बहीण है, पुष्पाबाई, तिच्या दारात सोडा, सुग्रीवचे भाऊ यायच्या आत. शालू, ये गं बाई, बस. पहा कशी थरथरून राह्यली... न्हाई न्हाई, ती बाटली ठेवा, पाणी नका देऊ तिला, माझ्यासमोर नका! गाडी हळू चालवा, बोलत राहा तिच्याशी. भिऊ देऊ नका मॅडम, तिच्यात काय उरलं असंल तेवढं राहू द्या. जा. निघा आता.