अर्जीतलं मोठं अक्षर

(उस्मानाबाद, १९४७. कचेरीसमोर अर्जनवीस जलीलमियाँ आणि सास्तूरच्या द्वारकाबाई.)

द्वारकाबाई : हे डोंगराएवढं अक्षर कुणाचं, मुन्शीजी?

जलीलमियाँ : कैदखान्याच्या साहेबांच्या हुद्द्याचं. इंग्रजीत हुद्दा मोठ्या अक्षरानं सुरू करतात.

द्वारकाबाई : आन् माझा महारुद्र कुठं हाय ह्यात?

जलीलमियाँ : हा इथं, बारीक. चला, अंगठा करा. टपाल निघतंय.

द्वारकाबाई : त्याचं पयलं अक्षर दोन शेंड्यांचं असतंय. लेकानं चुलीपुढं राखंत काढून दावलंतं. हे ते न्हाय.

जलीलमियाँ : ते मोठं अक्षर झालं, बाई. कैद्याचं नाव बारीक लिहायचा दस्तूर आहे.

द्वारकाबाई : इंग्रजाचा का तुमचा?

जलीलमियाँ : ...आमचा. इंग्रज कुणाचंबी नाव मोठ्या अक्षरानंच सुरू करतो. चोराचंबी.

द्वारकाबाई : मंग?

जलीलमियाँ : मग काय! कारकून आधी अक्षरं बघतो. अर्जी देणारा ताठ दिसला की कागद टोपलीत. तुम्हाला लेकाची मुलाकात पाहिजे का अक्षर?

द्वारकाबाई : दोन म्हयने झाले, तोंड बघितलं न्हाय त्याचं. तिरंगा झेंडा लावला म्हणून कोंडलाय, चोरी न्हाय केली त्यानं. आन् मी कुठं हाय?

जलीलमियाँ : ही काय. ‘आपली गरीब दासी.’

द्वारकाबाई : दासी? म्या कुणाची दासी? ‘मी’ कसं लिवत्यात इंग्रजीत?

जलीलमियाँ : एकच अक्षर. उभं. कुठंबी आलं तरी मोठंच.

द्वारकाबाई : सायबाचं?

जलीलमियाँ : साहेबांचं, माझं, तुमचं. सारखंच.

द्वारकाबाई : आन् तीस वर्सं झाली अर्ज्या लिवताय, तुमी कुणाला सांगितलं न्हाय.

जलीलमियाँ : कुणी विचारलं नाही, बाई.

द्वारकाबाई : फाडा हा कागद.

जलीलमियाँ : अहो, टपाल—

द्वारकाबाई : उद्याबी जातंय टपाल.

जलीलमियाँ : आणि अर्जी परत आली तर? पोरगं तिकडं वाट बघत बसेल.

द्वारकाबाई : बसंल. माझ्याच पोटचं हाय. दासी म्हणून गेले, तर भिंतीकडं तोंड करंल.

जलीलमियाँ : या अल्ला! बसा. सांगा, काय लिहू?

द्वारकाबाई : ‘मी’ लिवा.

जलीलमियाँ : लिहिलं.

द्वारकाबाई : बघू. व्हय, उभं हाय. आता फुडं. मी द्वारकाबाई, सास्तूरची, महारुद्रची माय. लेकाला भेटायला येनार हाय.

जलीलमियाँ : येणार आहे? बाई, ‘इजाजत मिळावी’ असं तर लिहू का?

द्वारकाबाई : लिवा. पन एकदाच.