सहा टिंबांची आकृती

"हॅलो?… हो वहिनी, बोल… नाही गं, तास नाहीये आता. एकटीच आहे खोलीत."

कितीतरी दिवसांनी वहिनीचा आवाज जरा उजळ वाटत होता. दादाला जाऊन आठ महिने झाले होते. त्याच्या शेवटच्या संशोधन-पेपरसाठी विद्यापीठातला त्याचा विभाग कार्यक्रम करणार होता, आणि फोटो कुठला द्यावा हे ती विचारत होती. धाकट्या नणंदेला हाच फोन नको होता.

"हो, हो… अगं ऐक ना. फोटो राहू दे… कार्यक्रम नाही व्हायचा, वहिनी. बसलीयेस ना तू?"

मग तिने सांगितलं. टिंबं आणि रेषांच्या, एकही रेषा दुसरीला छेदणार नाही अशा आकृत्या दादा संगणकाकडून काढून घेई, चिठ्ठ्या उचलाव्यात तशा; कुठलीही आकृती सारख्याच संधीने येते, असा पेपरचा दावा होता. इतरांचे प्रोग्रॅम त्यांवर तपासले जात. त्याची रीत सोपी होती: एक त्रिकोण, त्यात एक टिंब, ते तिन्ही कोपऱ्यांना जोडायचं, मग कुठल्याही त्रिकोणात पुन्हा टिंब. शेवटी काही रेषा पुसायच्या.

"पण त्यातून सगळ्या आकृत्या येतच नाहीत गं… थोड्या नाही, खूप राहतात. सहा टिंबं घे, प्रत्येकाला चार रेषा. इतकी साधी. पण त्याच्या रीतीनं लाख वेळा काढलीस तरी येणार नाही… हो, तीनदा तपासलं… कुणी म्हणजे? मीच."

दादाच्या सगळ्या आकृत्यांवर पास झालेला एक प्रोग्रॅम तिने त्या सहा टिंबांवर चालवला, आणि तो साफ चुकला होता. पेपर मागे घ्यावा असं पत्र तिने तो छापणाऱ्या नियतकालिकाला कालच पाठवलं होतं.

वहिनी बोलत सुटली. उत्तर द्यायला तो आता नाही. परक्या माणसानं केलं असतं तर समजू शकले असते, तू तर सख्खी बहीण.

"हो… कुणाला कळलंही नसतं. खरंय."

मग वहिनीने हळूच विचारलं, त्याला माहीत होतं का?

"शंका आली होती… हॉस्पिटलातून मेसेज केला होता मला. सगळ्या आकृत्यांना सारखी संधी मिळत नाहीये असं वाटतंय, तू बघशील का… मी म्हटलं, आधी बरा हो, मग बघू… नाही. नाही बघितलं. नंतर बारा दिवस होता गं तो. एका दुपारचं काम होतं… त्याला सांगता आलं असतं."

मग पत्रात काय लिहिलंस, एवढंच वहिनीने विचारलं.

"चूक आधी त्यालाच दिसली होती, असं… हो, पहिल्याच ओळीत… नाही, माझं काही नाही लिहिलं…"

तिने डोळे मिटले.

"बरं. त्यानं विचारलं होतं आणि मी बघितलं नाही… हो, तेही लिहिते… आजच लिहिते. वहिनी?… वहिनी?"

वहिनीने फोन ठेवला होता.