मॉडेलवाली पोरगी

सकाळी अकराला बालाघाटच्या डोळ्यांच्या दवाखान्यात राजेगावच्या गुणाकर बोरकरांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितले. शेजारी कोणी भाऊबहीण भांडत होते.

"घनश्यामदादा, राजेगाववाल्याइले तू नेमकं काय सांगितलं?"

"खरं तेच. आपली संघमित्रा नागपूरले मॉडेलवर काम करते."

"म्हणून काल नकार आला! पोरीले लोकेश पसंत होता ना."

लोकेश गुणाकरांचा भाचा. पोरगी मॉडेलिंग करते असे समजून, नकार द्या, असे त्यांनीच बहिणीला सांगितले होते. ते ताठ झाले.

"मॉडेल म्हणजे लॅबमधले ससे, हे कोण सांगन?"

"सस्याले मॉडेल काहून म्हणतेत, गीता?"

"माणसाच्या आजाराचा नमुना म्हणून. पहिले सस्याच्या डोळ्यातलं पाणी आटवतेत, मंग औषध टाकून पाह्यतेत."

"म्हणजे आपली पोरगी सस्याचं रडणं बंद करते?"

"हौ."

"मंग मॉडेलच बरं होतं. हे ऐकलं असतं तं सासू पहिलेच भेली असती."

"हासू नको. हळू बोल, बाजूचे भाऊजी ऐकून राह्यले."

"त्याइचे तं डोळे मिटले हायेत."

"कान पाह्य ना. सस्यावानी उभे झाले."

गुणाकरांनी डोळे न उघडताच खिशातला फोन काढून पुढे धरला.

"मले दिसून नाही राह्यलं, भाऊ. राजेगावले लोकेशच्या मायले फोन लावून द्या जरा."

मग घनश्यामने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.